रांगेला वाट देताना

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय फादर, व्यासपीठावरच्या सिस्टर, गायकवृंदाच्या बाई, आणि माझ्या चकत्यांच्या कापलेल्या कडा खाऊन मोठे झालेले तुम्ही सगळे, नमस्कार.

माझा सत्कार केलात, फुलं दिलीत, इतकं गोड बोललात. मला उभं राहून बोलायची सवय नाही. पीठ भिजवायचं, तापल्या साच्यात ओतून दाबायचं, निवलं की मिस्सेच्या उपासनेसाठी गोल चकत्या कापायच्या, एवढंच माझं काम. पुढे फादर त्यावर प्रार्थना म्हणतात आणि त्याचं ख्रिस्तशरीर होतं. तिथवरचं सगळं माझ्या हातचं, त्यानंतर रांगेत जाऊन ते जिभेवर घेणं माझ्या वाट्याचं नाही. हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त आजच्या भाषणांत कुणी काढलं नाही. मी काढते. राग मानू नका.

माझं पहिलं लग्न याच चर्चमध्ये लागलं. ते मला सोडून गेले, दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटला. कोर्टानं घटस्फोट दिला. चर्च म्हणालं, कोर्टाचं कोर्टापाशी. देवासमोर लागलेलं लग्न दोघांतलं एक जाईपर्यंत मोडत नाही. मग धर्मन्यायालयात अर्ज केला, की ते लग्न मुळात लग्नच नव्हतं असं ठरवा. तिथल्या फादरांनी विचारलं, "जबरदस्ती झाली होती? कुणी काही लपवलं होतं?" आता काय सांगू? मी हौसेनं लग्न केलं होतं हो! तसंच सांगितलं. अर्ज फेटाळला गेला.

पुढे आमच्या ह्यांच्याशी, म्हणजे ते मागे मान खाली घालून बसलेत ना, त्या शिंपीमहाशयांशी, सरकारी कचेरीत लग्न केलं. चर्चच्या लेखी ते लग्न नाही, म्हणून आमचं कम्युनियन बंद. तेव्हाचे फादर भले माणूस. म्हणाले, "भावाबहिणीसारखे राहा, मग कम्युनियन घेता येईल." मी घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, "मला एक बहीण आहे, ती पुरे आहे." हसा, हसा. आम्हीही हसलो होतो. पण मग दर रविवारी सगळे कम्युनियनची चकती घ्यायला रांगेत निघाले, की आम्ही दोघं बाकावर गुडघे एका बाजूला वळवून त्यांना वाट द्यायचो. ह्यांचं तर पहिलंच लग्न. माझ्यापायी तेही बसून राहिले. कधी बोलून दाखवलं नाही.

गेल्या आठवड्यात फोन आला. साचा नुकता तापला होता. पलीकडे पहिल्या घरची नणंद. "वहिनी, दादा गेला." इतक्या वर्षांनी वहिनी म्हणाली. मी साचा बंद केला, ओटा पुसला. रडू आलं नाही. बरंही वाटलं नाही. अजूनही काही वाटत नाही, खरं सांगते.

फादर, तुम्ही घरी आलात, आधी त्यांच्यासाठी प्रार्थना केलीत, मग हळूच म्हणालात, "आता तुमचं लग्न चर्चमध्ये लावता येईल." तुम्ही तुमचं कर्तव्य केलंत, माझी तक्रार नाही. पण तेव्हापासून जो तो माझा हात हातात घेतो नि म्हणतो, "अभिनंदन! सुटलीस बाई!" कशातून हो? मी काय त्यांच्या मरणाची वाट पाहत होते? देवाशपथ नाही. पण 'ते हयात आहेत तोवर नाही' हे ऐकत ऐकतच माझे केस पिकले. मग मी दुसऱ्या कशाची वाट पाहत होते, ते कुणीतरी मला सांगा.

असो. येत्या शनिवारी आमचं लग्न. आमच्या ह्यांनी स्वतःसाठी कोट शिवायला घेतलाय. उभा जन्म लोकांचे कोट शिवले, आणि आता एक बाही मनासारखी बसेना. सारखी उसवतात. रविवारी आम्ही दोघं रांगेत येऊ. ती मिस्सा माझ्या पहिल्या नवऱ्याच्या आत्म्यासाठी म्हणा, एवढी फादरांना विनंती केली आहे. ही कल्पनाही ह्यांचीच. म्हणाले, "अगं, शेवटी त्यांनीच आपल्याला वाट दिली ना."

तुम्ही मला काम दिलंत, सांभाळून घेतलंत, त्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. आज जिभेवर ताबा राहिला नसेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर म्हातारीला माफ करा. आणि रविवारी मी उठून निघाले, की अभिनंदन तेवढं करू नका. गुडघे जरा वळवा, आणि मला जाऊ द्या.