गोल शेवटी भरायचे

तेजस्वी : ...न्हाय तात्या, चहा नगं. पुस्तकं ठेवतो नि निघतो. घरी जायाला साडेचारची वडगावची एसटी हाय.

तात्या : ‘ठेवते’ म्हण, ‘निघते’ म्हण. दोन वर्षं सांगतोय, पोरगी आहेस. बस आधी. पुस्तकं कशाला परत आणलीस? पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी द्यायचीय ना?

तेजस्वी : आण्णांनी तिथंच वडगावला बीएस्सीचा फॉर्म भरला. इंजिनिअरिंगचं नाव काढू नगं म्हणत्यात. एकदा दिली संधी, बास झालं.

तात्या : मी येतो बोलायला तुझ्या वडिलांशी. छत्तीस वर्षं गणित शिकवलंय, पोरं ओळखता येतात मला. परीक्षेच्या दिवशी डोकं दुखलं म्हणून कुणाची हुशारी जात नाही.

तेजस्वी : नगं तात्या.

तात्या : डोकंच दुखत होतं ना?

तेजस्वी : व्हय की.

तात्या : बरं. मग ठेव तिकडं खिडकीत. उद्यापासून पृथ्वीराज येणारय, गणपतरावांचा नातू. बारावीला गेलाय. पहिल्या दिवशी तुला दिला तोच धडा. सगळं आधी रफ कागदावर सोडवायचं, उत्तरपत्रिकेतले गोल शेवटी एकदम भरायचे.

तेजस्वी : त्येवढं सांगू नगा त्याला.

तात्या : काय नको सांगू?

तेजस्वी : गोलाचं.

तात्या : अगं, किती वेळ वाचतो त्यात. माझी किती पोरं त्यावर इंजिनिअर झाली.

तेजस्वी : कागदावर वाचत असंल. आता परीक्षा कंप्युटरवर हाय.

तात्या : कागद काय नि पडदा काय, गोल तो गोलच.

तेजस्वी : न्हाय तात्या. पहिला दीड तास फिजिक्स-केमिस्ट्री. दीड तास झाला की ते आपोआप बंद हुतंय नि गणित उघडतंय. मागं जाता येत न्हाय.

तात्या : मग तू...

तेजस्वी : मी समदं रफवर सोडवलं. म्हटलं, शेवटाला पान मागं उलटायचं नि बटणं दाबत सुटायचं. कोपऱ्यात घड्याळ पळत हुतं, पर मला वाटलं गणित झालं की येता येतंय मागं. पेपर आपल्याच हातात असतोय की. मग एकदम गणितच आलं म्होरं.

तात्या : तिथल्या बाईंना हाक मारायची.

तेजस्वी : मारली. त्या म्हणाल्या, बाळ, आता माझ्या हातात काय न्हाय. मग गणितालाबी डोकं चाललं न्हाय. नुसतं रडायला येत हुतं.

तात्या : किती सोडवले होतेस?

तेजस्वी : शंभरातले शहाऐंशी.

तात्या : आणि पडद्यावर?

तेजस्वी : एकबी न्हाय.

(तात्या चष्मा काढून मांडीवर ठेवतात.)

तात्या : आणि इतके दिवस मला डोकेदुखी सांगत बसलीस.

तेजस्वी : तुमी दोन वर्षं जीव तोडून शिकवलं. कुठल्या तोंडानं सांगू? आण्णांनाबी न्हाय सांगितलं. तुमच्या दारात येऊन त्यांनी तमाशा केला असता.

तात्या : करायला हवा होता. परवा तालमीपाशी चारचौघांत मी सांगत होतो, पोरगी हुशार होती, पण ऐन वेळी कच खाल्ली.

तेजस्वी : असू द्या, तात्या.

तात्या : असू कसं द्या? एकदा तरी त्या यंत्रासमोर बसून बघायला पाहिजे होतं मी. या वयात पोरांना काय विचारायचं, म्हणून लाजलो. आणि वर्ष गेलं तुझं. चल, मी येतो एसटीनं. आण्णांना मीच सांगतो.

तेजस्वी : ते ऐकायचे न्हाईत. एकदा बोलले की बोलले.

तात्या : नाही ऐकलं तर नाही. पण चूक कुणाची ते तर कळू दे त्यांना. आणि उद्या पृथ्वीराजला तू शिकव. मी मागं बसतो.

तेजस्वी : बरं. येतो मी उद्या.

तात्या : तेजू, तो रफ कागद आहे का गं घरी? शहाऐंशी उत्तरांचा. एकदा बघितला असता.

तेजस्वी : न्हाय, तात्या. परीक्षेच्या खोलीच्या दाराशी खोकं ठेवलेलं असतंय. बाहेर पडताना त्यात टाकायचा. टाकला मी.