बाग दुपारी बंद राहील

जबाब

नाव : सावळेराम गेणभाऊ लोहकरे, वय ६७ वर्षे, धंदा : शेती, मूळ राहणार तळेघर, ता. आंबेगाव, जि. पुणे, सध्या राहणार मुलाकडे, पुणे शहर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, गावी माझी भाताची व नाचणीची शेती आहे. पत्नी लंकाबाई गावी असते. शुगर फार वाढल्याने उपचारासाठी मी थंडीपासून मुलगा सूरज व सून समृद्धी यांच्याकडे राहत आहे. डॉक्टरांनी मला रोज चालण्यास सांगितले आहे. सूरजचा फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर असून उन्हाळ्यात स्लॅब तापतो. रस्त्याने चालावे तर फूटपाथवर गाड्या लावलेल्या असतात. म्हणून मी सकाळी जवळच्या सार्वजनिक बागेत जातो. सदर बाग सकाळी दहाला बंद होते व दुपारी चारला उघडते. तसा बोर्ड फाटकावर आहे.

बागेत माझी ओळख सरूबाई दादाभाऊ गुंजाळ यांच्याशी झाली. त्यांचे वय अंदाजे सत्तर असून त्या मूळच्या बेल्हे, ता. जुन्नर येथील आहेत. मुलगी शीला हिच्याकडे राहतात. त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले असून त्या काठी घेऊन चालतात. माझे बोलणे ऐकून त्यांनीच मला "कुठलं गाव, पावणं?" असे विचारले होते. तळेघर म्हटल्यावर त्या मला भाऊ म्हणू लागल्या. त्या हळू चालतात, म्हणून मीही त्यांच्याबरोबर हळू चालतो.

बागेत पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. ऐन उन्हाळ्यात तो बंद केला गेला. बागेची देखभाल ठेकेदाराकडे असून त्याचा सुपरवायझर सुभाष याला मी घटनेच्या आदल्या दिवशी नळाबद्दल सर्वांसमोर विचारले. त्याच्या खोलीत थंड पाण्याचा मोठा जार होता. तो म्हणाला, "बाबा, ही बाग आहे, पाणपोई नाही." त्यावर मी म्हणालो की, मग झाडांना तरी पाणी घाला. त्यावरून काही लोक हसले. सुभाष हसला नाही. मी त्यास शिवीगाळ केलेली नाही.

घटनेच्या दिवशी घरी पाणी उशिरा आल्याने ते भरून मी उशिरा बागेत गेलो. सरूबाई आल्या होत्या. दहाची शिट्टी झाली तेव्हा आम्ही मागच्या बाजूस बांबूंजवळ होतो. आम्ही लगेच निघालो. सरूबाईंना पळता येत नाही. आम्ही फाटकाजवळ येत असताना सुभाष बाहेरून कुलूप लावत होता. मी हात वर करून ओरडलो, "थांबा, आमी आत हाये." त्याने आमच्याकडे पाहिले व म्हणाला, "टाइम म्हणजे टाइम. चारला उघडंल. तवर सावलीत बसा." त्यानंतर तो मोटारसायकलवर निघून गेला. आम्ही आत लपून बसलो होतो, असे त्याने माझ्याविरुद्ध दिलेल्या तक्रारीत म्हटले आहे. ते खोटे आहे. माझ्या वयाचा माणूस गुडघा दुखणाऱ्या बाईला घेऊन बागेत कशासाठी लपेल, हे त्याला विचारावे.

माझा फोन घरी राहिला होता. सरूबाईंनी त्यांच्या फोनवरून शीलाला कळवले. ती कामावर लांब होती, ती लगेच निघाली. बोर्डावरील नंबर आम्ही पुन्हा पुन्हा लावला, कोणी उचलला नाही. फाटकाची बाजू रहदारीची नाही. स्कूटरवरून जाणाऱ्या एक बाई मात्र थांबल्या. त्यांचे नाव प्राची असल्याचे मला नंतर समजले. त्या चावीसाठी सुभाषला शोधण्यास गेल्या.

मी सरूबाईंना बांबूंखाली बसवले. तेथे सावली होती, पण वारा नव्हता व पाणी नव्हते. सुरुवातीस त्या बोलत होत्या. पाणी मागत होत्या. नंतर त्यांनी पाणी मागणे बंद केले. त्यांचे अंग कोरडे व तापलेले लागत होते. त्या मला दादाभाऊ म्हणून हाक मारू लागल्या व गुरं आत घ्या म्हणाल्या. दादाभाऊ हे त्यांचे पती असून ते हयात नाहीत.

तेव्हा मी फुलांच्या वाफ्याच्या कडेचा दगड काढला, फाटकाच्या गजांतून हात बाहेर घातला व कुलपावर दगड मारला. माझ्या हाताला जखम झाली. ती डॉक्टरांनी पाहिली आहे. कुलूप निघाल्यावर मी सरूबाईंना पाठीवर घेतले. आमच्याकडे आजारी माणसाला रस्त्यापर्यंत असेच आणतात. इतक्यात प्राचीबाई परत आल्या. सुभाष सापडला नव्हता. त्यांनी पाण्याची बाटली सरूबाईंच्या डोक्यावर ओतली व रिक्षा थांबवली. शीला थेट दवाखान्यात आली.

सरूबाई अतिदक्षता विभागात होत्या. आता घरी आहेत. शीला त्यांना खाली उतरू देत नाही. मी भेटण्यास गेलो असता त्या खिडकीशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी चालत ऱ्हावा."

त्यानंतर सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान केले म्हणून माझ्याविरुद्ध तक्रार झाल्याचे समजले. आम्हाला कोंडले याबद्दल सुभाषविरुद्ध कोणी तक्रार घेतलेली नाही. शीला दोनदा येऊन गेली, तिला साहेब नाहीत असे सांगण्यात आले. ठेकेदाराच्या माणसाने सूरजला फोन करून, वडिलांनी माफी मागितली तर विषय मिटवू, असे सांगितले. सूरज नोकरदार आहे, त्याला भीती वाटते. तो म्हणाला, "बाबा, सॉरी म्हणा, मोकळे व्हा." मी त्याला सांगितले, "म्या कुणाची माफी मागू? कुलपाची?"

मी माफी मागणार नाही. सरूबाईंच्या जिवाचे जे झाले त्याबद्दल सुभाष व त्याच्या ठेकेदाराविरुद्ध माझी तक्रार आहे. ती याच जबाबात लिहून घ्यावी.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात "फाटक हलवताना कुलूप तुटले" असे लिहिले होते. लिहून घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या की, काका, तुमच्याच भल्यासाठी तसे लिहिले आहे. त्या चांगल्या मनाने म्हणाल्या. तरी मी ते वाक्य खोडायला लावले. कुलूप तुटले नाही. आत माणूस मरत होते, म्हणून मी ते तोडले. आता जे लिहिले आहे ते मी सांगितले तसेच आहे.

सही
(सावळेराम गेणभाऊ लोहकरे)