समुद्राच्या आधीचे आठ दिवस

बेबीताई : मी तुले त्याच दिवशी म्हटलं होतं, ललिता. देवीची लस टोचून आनली का पोट्टं घरात कोनाच्या हाती देऊ नको. तीन दिवस तं अजिबात नाई.

ललिता : म्हणाला होतात. आणि मी हसले होते. म्हटलं, घरात आहे कोण? एकट्या आत्याबाई. त्या तर सुमेधला खालीसुद्धा ठेवत नाहीत.

बेबीताई : तेच तं सांगून राहिली होती मी.

ललिता : काय सांगत होतात ते मला अजून कळत नाही. एकाच सकाळी, एकाच बाकावर दोघांना टोचलं. विशाखाचा दंड बघा, फोड कसा टच्च भरलाय. आणि हा सुमेधचा. आहे का काही? आज आठवा दिवस. डॉक्टरांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि म्हणाले, मुलीच्या दाखल्यावर सही करतो, मुलाच्या नाही.

बेबीताई : कशी करन? दवाखान्यात बारा वर्सं झाली मले. फोड आला नाई म्हंजे लस लागली नाई.

ललिता : आणि दाखला नाही तर बोटीवर घेत नाहीत. येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी मुंबईहून बोट. मंगळवारी रात्री आपली अकोल्याहून गाडी. मी आता ही पेटी भरू की रिकामी करू, बेबीताई? सकाळपासून दोन्ही करून झालंय.

जाईबाई : कोन, बेबी आली का? बस माय. चहा मांडतो.

बेबीताई : मांडा मावशी. मी बसूनच राहिली.

जाईबाई : आन् सूनबाई, तू कायले इतली घाबरी होऊन राहिली? नाई गेलं लेकरू तं नाई. समुद्र काई पयून जाते?

ललिता : समुद्रासाठी नाही हो, आत्याबाई. म्हणजे समुद्रासाठीच. तुमच्या मुलाचं पत्र वाचून दाखवलं ना तुम्हाला? इजिप्तमधलं वर्षभराचं कापसाच्या बियाण्याचं शिक्षण संपलं. आता तीन आठवडे रजा. अलेक्झांड्रियाला किनाऱ्यावर खोली घेतलीय, तुम्ही तिघं या, मग सगळे मिळून परत येऊ. ते गेले तेव्हा सुमेध तीन महिन्यांचा होता. आता पंधरा महिन्यांचा झाला. बाबा कुठेत म्हटलं की भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवतो. दुसरीकडे कुठे दाखवणार?

बेबीताई : कोन्ता समुद्र म्हने थो?

ललिता : भूमध्य समुद्र.

जाईबाई : तिथं जाऊन करतेत काय मानसं?

ललिता : वाळूत बसतात. उन्हात. छत्री भाड्यानं मिळते.

जाईबाई : छत्री कावून? पानी येते का?

ललिता : नाही. ऊन लागू नये म्हणून.

जाईबाई : मंग उन्हात कावून बसतेत?

बेबीताई : घ्या. अकोल्याच्या मानसानं उन्हात बसाले बोटीनं जा लागते. आपल्या इथलं कमी पडलं वाटते.

ललिता : मलाही नाही कळत, बेबीताई. एका पत्रात लिहितात, संध्याकाळी वारा गार असतो, लोकरीचं आण. दुसऱ्यात लिहितात, अंगावर कपडे नकोसे होतात. मुलांना पाण्यात शिरायचे वेगळे कपडे शिव म्हणाले. नत्थुजी शिंप्याला मी कागदावर चित्र काढून दिलं. त्यांनी विशाखाला पैलवानाची लांग शिवून दिली. वर झालर लावून.

बेबीताई : दाखव बरं.

ललिता : नको. ती घालूनच झोपते. सोडत नाही अंगातून.

जाईबाई : चांगली तं दिसते पोरगी. पन पान्यात कोन धरन तिले? तू एका हातानं तिले धरशील, एका हातानं ह्याले, आन् तू पडली तं तुले कोन धरन? म्हनून म्हनतो, सुमेधले ठेव माह्यापाशी.

ललिता : हे तुम्ही आज म्हणताय, आत्याबाई. महिनाभर नाही म्हणालात.

जाईबाई : आज आठोलं.

बेबीताई : मावशी, एक इचारू? टोचून आनल्या दिवशी या लेकराले मांगच्या अंगनात कोनं नेलं होतं?

जाईबाई : म्या. दुपटं ओलं केलं होतं त्यानं.

बेबीताई : दुपटं बदलाले निंबाचा पाला लागते? आमच्या फुलाच्या वाफ्यातून तुमची मोरी दिसते, मावशी. म्या पाह्यलं. वाटीत चुना होता.

ललिता : चुना? कशाला चुना?

बेबीताई : इचार त्याहिले.

ललिता : आत्याबाई?

जाईबाई : चहा उतू जाईन.

ललिता : जाऊ दे. आत्याबाई, तुम्ही पुसलं?

जाईबाई : पदरानं पुसलं. मंग निंबाच्या पान्यानं धुतलं. मंग चुना लावला.

ललिता : पण टोचणाऱ्यानं सांगितलं होतं, पुसू नका, पाणी लावू नका. तुमच्यासमोर सांगितलं. तुम्ही 'हो हो' म्हणालात.

जाईबाई : त्याले होच म्हना लागते. आमच्या वस्तीत साऱ्याच बाया हो म्हनत आन् साऱ्याच पुसत. टोचनारा पुढच्या दारानं गेला का मांगच्या दारी वाटी तयार. त्याचं लिहून झालं, आपलं पुसून झालं. कोनाचं काई अडलं नाई.

ललिता : आणि विशाखाचं का नाही पुसलं?

जाईबाई : ते मोठी झाली. वरडली असती. तुले सांगतलं असतं.

ललिता : मला रागसुद्धा नीट येत नाहीये. तुम्ही एवढ्या शिकवणाऱ्या बाई. अंगठा नको, सही करा, म्हणून शेजारणींच्या मागे लागता. आणि देवी कोपेल म्हणून पुसलंत?

जाईबाई : देवीचं नाव काढू नको. सहा वर्सं झाली, घरातले देव टोपल्यात घालून म्याच नदीत सोडले. या हातानं. देवीले मी नाई भेत. सुईले भेतो.

बेबीताई : मावशी, सुईनं काय केलं तुमचं?

जाईबाई : तुह्या नवऱ्याच्या, माह्या धर्मपालच्या आंधी एक पोरगी होती मले.

ललिता : कोणाला? तुम्हाला?

जाईबाई : चतुरा नाव होतं. दीड वर्साची. चांदूर टेसनावर टोचून राहिले होते, मी कापूस येचून येत होती, तं मलेही बसोलं रांगेत. तवा नाई पुसलं म्या. मानसानं सांगतलं नको पुसू, तं नाई पुसलं. दंड सुजला. खांद्यापर्यंत लाल झाला. नवव्या दिवशी गेली.

ललिता : यांनी मला कधीच नाही सांगितलं.

जाईबाई : त्याले ठाऊक असन तं सांगन. त्याच्या बापानं म्हटलं, पोराले नको सांगू, तं नाई सांगतलं. त्याचं मी पुसलं. तं थो जगला.

बेबीताई : मावशी, पुसल्यानं नाई जगला. तवा एकच सुई साऱ्या गावाले टोचत. कोनाचा हात, कोनाची माती. आता आमी सुई उकळतो. म्या सोता उकळतो रोज.

जाईबाई : तू उकळत असशीन. मी कुठं पाहाले येतो?

ललिता : मग हे इजिप्तला निघाले तेव्हा? त्यांनाही टोचलं होतं.

जाईबाई : तीस वर्साच्या मानसाचा दंड मी कसा पुसू? आठ रात्री डोळा नाई लागला माहा. तुले वाटलं, पोरगं परदेशात जाऊन राहिलं म्हनून रडून राहिली.

ललिता : हो. मला तसंच वाटलं होतं.

बेबीताई : आता बोला. उद्या शनवार. उद्या टोचलं तं आठ दिवस रविवारी होतेत. सोमवारी डागदर पाह्यन, सही करन. मंगळवारी गाडी. एक दिवस इकडं का तिकडं नाई.

ललिता : पण लागलीच नाही तर? आणि लागून त्याला ताप आला, तर बोटीत कुणाला विचारू? नाही लागली तर आम्ही तिघंही नाही जात. त्याला सोडून मी विशाखाला समुद्र नाही दाखवणार. आणि यांना तार काय करू? तारेत काय लिहितात असं?

जाईबाई : आंधी मले टोचा.

बेबीताई : काय?

जाईबाई : मले कवाच टोचलं नाई. मी तं कापसाच्या ढिगात लपत होती. मले टोचा. आठ दिवस पाहातो. मले काई नाई झालं तं मंग लेकराले.

ललिता : आठ दिवस नाहीत आपल्याकडे, आत्याबाई.

जाईबाई : मंग संगच टोचा. त्याच्या आंधी मले, त्याच सुईनं. मी उकळतानी पाहीन.

बेबीताई : या उद्या आठ वाजता. तुमच्यानंतर सुई पुन्हा उकळतो, भांडं पुढ्यात ठेवतो तुमच्या.

जाईबाई : आन् बेबी, आठ दिवस हे लेकरू माह्याजवळ नको ठेवू देऊ. रात्रीही नाई. हात ऐकत नाईत माहे.

(अकरा दिवसांनी, मंगळवारी. अकोला स्टेशन. मुंबईची गाडी फलाटावर.)

बेबीताई : दाखला पेटीत नाई ना टाकला? हाताशी ठेव.

ललिता : पोलक्यात आहे. तीनदा बघितला. सुमेध गाढ झोपलाय, अंग गार आहे. हो ना? हात लावून बघा बरं तुम्ही. माझा हातच गरम आहे की काय ते कळत नाही.

बेबीताई : गार हाय. खपली धरली त्याची. बस आता खिडकीत.

ललिता : आत्याबाई, तुमचा दंड?

जाईबाई : बरं हाय.

ललिता : दाखवा ना.

जाईबाई : फलाटावर काय दाखवू? बरं हाय म्हटलं ना. धर्मपालले सांगजो, उन्हात बसू नको म्हना.

ललिता : काल रात्री तुम्ही कण्हत होतात.

जाईबाई : सपन पडलं असन. समुद्राचं. जा माय, शिट्टी झाली.

ललिता : बेबीताई, आत्याबाई उद्याच चांदूरला आपल्या जुन्या घरी जाणार. इथं एकटं करमणार नाही म्हणतात. तिथं त्यांना कोण बघेल?

बेबीताई : मले रजा नाई, ललिता. कोनी जानारं असन तं सांगतो.

ललिता : म्हणून आता तुम्हाला सांगते, हे वाचणाऱ्यांना. तुमच्यापैकी कुणी चांदूर रेल्वेला उतरणार असेल, तर स्टेशनामागं बुद्धविहाराजवळ जाईबाईंचं घर कुणीही दाखवेल. टोचल्यापासून तीन आठवड्यांनी दंडावरची खपली पडायला हवी. त्यांना विचारू नका, त्या बरं हाय म्हणतील. चहाला हो म्हणा, बसा, आणि बाही वर करून बघा.