दलसिंगला न विचारता काढल्याबाबत

मुक्काम नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश. तारीख २० मार्च सन १९३६, सकाळी.

सज्जनबाई भ्रतार हुकमीचंद, वय अदमासे पन्नास, जात ओसवाल, धंदा घरकाम, राहणार जिनिंग कारखान्यासमोर, नंदुरबार. बाई मारवाडी आणि अहिराणी मिसळून बोलतात. तो जबाब मराठीत उतरवून घेतला.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेलं नाही, मी आपल्या पायांनी आले. घरचे मालक व्यापारासाठी सुरतेला गेले आहेत. आमच्यातल्या बायका ठाण्याची पायरी चढत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही ज्याला आत बसवलं आहे, तो दलसिंग माझंच काम करत होता. जमादार म्हणाले, 'बाई, आधी दम घ्या.' मी म्हटलं, दम मागाहून घेईन, आधी लिहा.

दलसिंग राहणार कोरीट. जिनच्या विहिरीवर राखणदार आहे. 'होता' असं लिहू नका, आहे असंच लिहा. गावातल्या बाकीच्या विहिरी मचूळ, जिनची तेवढी गोड, म्हणून आमच्या घरी पिण्याचं पाणी तिथूनच येतं. जुन्या मालकांनी तशी परवानगी दिली आहे.

आमच्या जैन धर्मात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. दुहेरी कापडातून गाळतात. कापडावर जे बारीक जीव राहतात, ते गाळलेल्या पाण्याने लोट्यात उतरवतात. त्याला जिवाणी म्हणतात. ती मोरीत ओतायची नाही. ज्या विहिरीचं पाणी, तिच्याच पोटात जिवंत परत सोडायची. वरून ओतली तर जीव आपटून मरतात. म्हणून लोट्याच्या बुडाला कडी असते. दोरीने लोटा अलगद खाली सोडायचा आणि पाण्याला टेकला की उलटा करायचा. जमादारांनी विचारलं, 'हे जीव दिसतात का?' दिसत नाहीत. दिसले असते तर तुम्हीही सांभाळले असते.

जिनच्या आवारात सगळी पुरुषमाणसं. मला घुंगट ओढूनही रोज तिथे जाता येत नाही. म्हणून दलसिंग सकाळी दारातून लोटा घेऊन जातो. तो आमच्या धर्माचा नाही, पण जोडे काढल्याशिवाय लोट्याला हात लावत नाही. पाणी सोडताना म्हणतो, 'जा रे भाऊ, आपला घर जा.' मी हसले तर मलाच म्हणाला, 'शेठाणी माय, हसू नका, त्यास्नं बी घर शे.' हाच त्याचा मंत्र. याहून दुसरा कोणताही मंत्र त्याला येत नाही.

आज सकाळी जिनमधल्या दोन मजुरांना उलट्या लागल्या. पटकी आली अशी ओरड झाली. जसोदाबाई म्हणून सरकी वेचणारी बाई आहे, तिने सांगितलं की राखणदार रोज काहीतरी पुटपुटत विहिरीत लोटा उलटा सोडतो. तिने पाहिलं तेच सांगितलं, तिच्यावर माझा राग नाही. दलसिंग तेव्हा लोटा घेऊन विहिरीकडेच चालला होता. कोणीतरी ओरडलं, 'जहर टाकी ऱ्हायना, जहर!' आणि भोंगा वाजवला.

माझी माडी जिनच्या फाटकासमोर आहे. खिडकीतून सगळं दिसलं. मॅनेजर रघुनाथराव बाहेर आले. ते दिवाळीनंतर परगावाहून इथे आलेले आहेत. त्यांनी दलसिंगच्या छातीवरचा पितळी बिल्ला ओढून घेतला. सदरा फाटला. दलसिंग हात जोडून म्हणत होता, 'साहेब, मन्हं आयका तर.' रघुनाथराव म्हणाले, 'तोंड उघडलंस तर पोलिसात देईन. नोकरीवरून काढलं, चालता हो.' लोटा हिसकताना पाणी सगळं मातीत गेलं. मी खिडकीतून ओरडले, 'वा तो म्हारी जीवाणी है!' पण त्या कालव्यात माझं कोण ऐकतो!

मग लोक त्याच्यामागे धावले. तो मिरचीच्या पथारीवरून पळाला, लोकही मागोमाग. वाळत घातलेली मिरची सगळ्यांच्या पायांखाली आली आणि जो तो शिंकायला लागला. ज्यांनी हातात दगड घेतले होते ते डोळे चोळत उभे राहिले. मिरचीनेच त्याला वाचवलं म्हणा. तेवढ्यात तुमचे शिपाई आले आणि त्याला इथे घेऊन आले, त्यांचं भलं होवो.

मी अनवाणीच खाली उतरले. एका हातात गाळणं, दुसऱ्या हातात आज सकाळच्याच पाण्याचा तांब्या. सासऱ्यांपुढे कधी पदर ढळू दिला नाही, तो भर रस्त्यात कुठे राहिला कोण जाणे. रघुनाथराव फाटकात उभे होते. त्यांच्यासमोर अख्खा तांब्या प्याले आणि म्हटलं, 'जहर आहे ना? मग बघत बसा मी कधी मरते ते!' मी तशीच इकडे आले. मजुरांना काय झालं ते डॉक्टर सांगतील. आमच्या घरातली सगळी माणसं तेच पाणी पिऊन ठणठणीत आहेत.

इथपर्यंत सांगून झालं तेव्हा रघुनाथराव स्वतः ठाण्यात आले. माझं सांगणं त्यांनी दारात उभं राहून ऐकलं होतं. खिशातून बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि जमादारांना म्हणाले, 'गैरसमज झाला. त्याला सोडा. उद्यापासून कामावर येऊ दे.' मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. पण दलसिंग आतून म्हणाला, 'नोकरीनं मंग देखू. पहिले मन्हं आयका. माले कोनी इचारंच नही.'

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला काढलं तेव्हा विचारलं नाही, आणि आता परत घेतलं तेही मी बोलले म्हणून. इथे ठाण्यात तो माझ्या आधीपासून बसला आहे, पण जमादारांनी कागद काढला तो माझ्यासाठी, खुर्ची दिली ती मला. शेठाणी आहे ना मी! मी जमादारांना म्हटलं, 'आता त्याचा जबाब घ्या.' ते म्हणाले, 'मॅनेजरसाहेब परत घेतात, मग आता कशाला?' मी म्हटलं, त्याचा लिहून घेत नाही तोवर माझ्या कागदावर मी अंगठा उठवणार नाही.

वरचा मजकूर जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे, माझ्या तोंडचा शब्द कमी नाही की पदरचा जास्त नाही. मग जमादारांनी दलसिंगला बाहेर आणून माझ्या खुर्चीवर बसवलं. मी उभी राहिले. नवा कागद घेऊन त्याला विचारलं, नाव? गाव? वय? त्याने सांगितलं. मग विचारलं, धंदा काय? टेबलावरच्या बिल्ल्याकडे दलसिंगने पाहिलं नाही, रघुनाथरावांकडे पाहिलं आणि म्हणाला, 'लिखा. जिननी विहीरना राखणदार.' रघुनाथरावांनी मान खाली घातली. जमादारांनी तसं लिहिलं. ते लिहून झाल्यावर मी अंगठ्याला शाई लावून घेतली.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, सज्जनबाई भ्रतार हुकमीचंद.