बाबी घाडीचा बायोस आणि देवाची पाकळी

मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रश्न टाकतो. हात जोडून बसलेला माणूस आणि हातावर हात ठेवून बसलेला माणूस – दोघंही बसलेलेच! दोघंही काही करत नाहीत! मग एकाला आपण भक्त म्हणतो आणि दुसऱ्याला ऐदी, ते का?

उत्तर येतंय का कोणाला? त्या खांबाला टेकलेल्या काकांना विचारलं असतं, पण ते तिसऱ्याच प्रकारात गेलेत – डोळे मिटून. असू द्या. प्रश्न पदरात बांधून ठेवा, गाठ मी शेवटी सोडतो.

ऐका तर. हातणकोंड नावाचं गाव. गावात रवळनाथाचं देऊळ, आणि देवळापासून हाकेच्या अंतरावर बाबी घाडीचा फोटो स्टुडिओ. लग्नाचे फोटो, वाढदिवसाचे बॅनर, जत्रेची पत्रकं – सगळं तिथे. माणूस गुणी! फोटो असा काढायचा की म्हातारी नवरीसारखी दिसावी. फक्त एक खोड – धीर नाही. नावालाही नाही!

आंब्याचं कलम लावलं. रुजलं की नाही, हे कसं कळावं? हा रोज सकाळी उपटून मुळं बघायचा! आठव्या दिवशी कलमानंच सांगितलं असेल, ‘बाबी, एकदाचं जाळ मला!’ तव्यावर घावन टाकलं की सुटायच्या आत उलथनं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत हा शिट्टी उचलायचा – त्याच्या माजघराच्या छपराला अजून डाळ चिकटलेली आहे. खोटं वाटतं? जाऊन बघा. तुरीची आहे.

एकदा तर देवाच्याच बाबतीत केलं! कोकणातल्या मंडळींना सांगायला नको, पण घाटावरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. रवळनाथाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर उजवी-डावीकडे फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे बसतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आता ती कधी पडेल? तिची मर्जी! घटकेत पडेल, नाहीतर दुपार टळेल. नियम एकच – पाकळीला हात लावायचा नाही. पाडलेला कौल हा कौल नव्हे!

बाबीनं काय केलं? सगळ्यांचे डोळे मिटलेले बघितले, पुढे सरकला, आणि उजव्या पाकळीवर हळूच – फूऽऽ!

भिकू गुरवाचा एक डोळा उघडा होता. गुरवाचा असतोच.

“बाबी!” गाभारा दणाणला. “उत्तर देवान देवचा की तू? आजपासून तुझो कौल बंद! जोवर तुका बसूक येना नाय, तोवर तुझी पाकळी मी लावचंय नाय!”

गावात कौल बंद म्हणजे काय, हे ज्याचा झालाय त्याला विचारा. लोक हसतात, आणि आपल्या देवाला काही विचारायची सोय राहत नाही.

आता कथा खरी सुरू होते. बाबीचा कॉम्प्युटर म्हातारा झाला. लग्नाची फिल्म करायला बसला की नवरा-नवरीला पोर व्हायची वेळ येई, तरी फिल्म तयार नाही. गिऱ्हाइकं शेजारच्या गावाला जाऊ लागली. बाबीची बायको वैजयंती – धोरणी बाई – तिनं सरळ सांगितलं, “ह्या कॉम्प्युटरात नवीन प्रोसेसर घालूया. चल्लो तर दुकान रवात. मशीन मेला तर दुकानाक कुलूप, आणि तुमी मुंबयत माझ्या दादाच्या गोदामात. नवीन मशीन घेवची आपली ऐपत नाय.”

मुंबईच्या गोदामात खोकी मोजणारा बाबी घाडी! ज्याच्या हातात कॅमेरा शोभतो, त्याच्या हातात खोकी! बाबीला रात्री जेवण गेलं नाही.

प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, पार्सलानं आला. आणि आपल्या गड्यानं काय करावं? खोकं फोडलं, जुना काढला, नवा बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा! वरात आधी काढली, मंडळी, आणि मग आठवलं की लग्न लागलेलंच नाही!

हे काय झालं, नीट समजून घ्या. पेटीवाले, तुमची पेटी नव्हे, ही कॉम्प्युटरची पेटी! ह्या पेटीतसुद्धा एक गुरव असतो. त्याचं नाव बायोस. मोठ्या पाटीला मदरबोर्ड म्हणतात, तिच्यावर एका चिमुकल्या चिपेत तो राहतो. आपण बटण दाबलं की सगळ्यांच्या आधी तो उठतो. दार उघडतो. ‘मेमरी आली का? आली. डिस्क आली का? आली. प्रोसेसर कोण? हां, ओळखीचा.’ मग तो विंडोजला हाक मारतो – ‘या, देव जागे झाले, पूजा चालू करा.’ आता प्रोसेसर नवीन, आणि गुरव जुना. ‘हा कोण? ह्याला मी ओळखत नाही. दार उघडणार नाही!’ मग करायचं काय? गुरवाला नवीन शिकवायचं. त्यालाच म्हणतात बायोस अपडेट.

पण शिकवणं सोपं नाही! जुना गुरव पुसून त्या जागी नवा लिहिला जातो. आणि जुना गेला, नवा पुरता आला नाही, अशा मधल्या वेळेला वीज गेली, कोणी बटण दाबलं – तर दुसऱ्या दिवशी देवळाचं दार उघडायला कोणी नाही! बाबीच्या बोर्डाला तर बिघडलेला बायोस परत भरायची दुसरी वाट नव्हती, शिकवणी मध्येच अडली तर पाटीच फेकायची. म्हणून जाणते सांगतात, नीट चाललेल्या मशीनचा बायोस उगाच उकरू नका. कारण असेल तरच करा. बाबीला कारण होतं.

आता वैजयंतीनं पदर खोचला. “ह्या खेपेक मी सांगतंय तसा करूचा. तुमी हात लावूचो मी म्हटल्यावर.”

“माका येता गो सगळा!”

“येता म्हणानच तर कौल बंद पडलो!”

पहिलं काम – नवा प्रोसेसर बाहेर, जुना परत आत. कारण शिकवणी चालू असताना ओळखीचा माणूस घरात लागतो! मशीन चालू झालं. मग तिनं सगळ्या लग्नांचे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. बायोस अपडेटनं फोटो जात नाहीत, पण सावध माणूस सोनं एकाच डब्यात ठेवत नाही.

मग, बायोसची फाइल बाबीनं घाईनं आधीच उतरवलेली असूनही, टॉर्चच्या उजेडात मदरबोर्डावरचा नंबर वाचायला बसवलं नवऱ्याला.

“वाचलंय. तोच.”

“शेपटीसकट वाचा. शेवटाक काय असा?”

“शेवटाक... आवृत्ती दोन.”

“आणि तुमी उतरवलेली फाइल?”

बाबीनं बघितलं. आवृत्ती एकची! नाव तेच, आडनाव तेच, गोत्र वेगळं! लग्न मोडलं असतं, मंडळी! वैजयंती बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्याच पानावर परत गेली, योग्य फाइल उतरवली – कोणाच्या ओळखीच्या भाच्यानं पाठवलेली नव्हे! पेन ड्राइव्ह रिकामा करून त्यात ती एकटी ठेवली. जुन्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढले, कारण अपडेटनंतर गुरव जुन्या सवयी विसरतो. आणि शेवटी यूपीएस, म्हणजे लाइट गेली तरी थोडा वेळ मशीन जिवंत ठेवणारी बॅटरी. पंखा, दिवा, प्रिंटर, चार्जर, सगळं त्याच्यावरून काढलं. “पंगत लहान ठेवा,” म्हणाली, “म्हणजे शिधा पुरात.” मग प्लग काढून एकदा तपासूनही पाहिलं – बॅटरी धरते की नुसती ओरडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट नीट होती. बाबी बसला. मशीन चालू होताना डिलीटची कळ दाबत राहिला, बायोसचं पान उघडलं. त्यातल्या अपडेटच्या खोलीत गेला, पेन ड्राइव्हवरची फाइल दाखवली. मशीननंच फाइल तपासली आणि विचारलं – करू का? 

बाबीनं बायकोकडे बघितलं. लग्नात अंतरपाट सरकायच्या वेळेला बघितलं होतं, त्यानंतर पहिल्यांदाच इतकं नीट बघितलं असेल!

“दाबा,” ती म्हणाली.

दाबलं. रेघ सरकू लागली. आणि नेमका त्याच वेळी दारात कोण? भिकू गुरव! जत्रेच्या पत्रकाला देवाचा फोटो घेऊन आला होता. “काय चल्ला हा?” 

“काका, बसा. बोलू नका,” बाबी म्हणाला. 

गुरव बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी गप्प बसवलं होतं.

रेघ भरली. मशीन आपणहून बंद झालं, आपणहून चालू झालं. पंखा फिरतोय... आणि पडदा काळा!

काळा म्हणजे कसा? अवसेला विहिरीत वाकून बघा, तसा.

थांबले. काळाच. परत एकदा पंखा थांबला, परत सुरू झाला. काळाच! वैजयंतीचा फोन वाजला. मुंबईचा दादा.

“झाला काय गो?”

“पडदो काळो पडलो हा.”

“मगे हँग झाला ता! बटण दाबून धर. मी ऑफिसात रोज करतंय.”

“म्हणानच तुझ्या ऑफिसात दर म्हयन्याक नवीन कॉम्प्युटर येतत. ठेव फोन, दादा!”

सख्ख्या भावाचा फोन कापला तिनं! आणि इतक्यात – गेली! लाइट गेली! यूपीएस ओरडायला लागलं, टीं टीं टीं!

आता आपल्या गावाकडे लाइट गेली की आपण काय करतो? सांगा की! धावतो आणि मेन स्विच पाडतो, लाइट परत येताना फ्रिज जळू नये म्हणून! अहो, ती सवय हाडात आहे. भिकू गुरव उठलाच! “जळात रे सगळा! बंद कर! मेला वाटता ता मशीन, दाब कायतरी!” आणि ज्याच्या हातानं गावाचे कौल लागतात, तो हात गेला की हो थेट यूपीएसच्या बटणावर!

आणि तो हात मनगटापाशी धरला. कोणी? बाबीनं! कलम उपटणाऱ्या, कुकर उघडणाऱ्या, देवावर फुंकर घालणाऱ्या बाबीनं!

“काका,” बाबी म्हणाला, आवाज अगदी खाली, “पाकळी लागली हा. हात मागे.”

गुरवानं त्याच्याकडे बघितलं. काळ्या पडद्याकडे बघितलं. आणि हात मागे घेतला.

तिघं बसली. यूपीएस ओरडतंय. इथं मी माझ्याच पदरच्या चार ओळी म्हणतो, तबलजी, जरा हळू –

पाकळी देवाच्या छातीला ।
वाट पाहा तिच्या गतीला ।
फुंकर घालून मातीला ।
सोनं होईना ॥

आणि मंडळी, पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं! 

नगारे वाजले नाहीत. फुलं पडली नाहीत. मी गोष्टी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात, पण इथं वाढवायला काही नाही. नवा गुरव इतका वेळ आत एकेकाची नव्यानं ओळख करून घेत होता; ती झाली, चिन्ह उमटलं, मशीननं सांगितलं, सेटिंग नवीन आहेत, बघून घ्या. वैजयंती मोबाइलवरचे फोटो बघून एकेक सेटिंग सांगत गेली, बाबी लावत गेला. लाइट आल्यावर मशीन नीट बंद केलं, प्लग काढला, नवा प्रोसेसर बसवला. बटण. गुरव उठला, पाहुण्याला ओळखलं, दार उघडलं. गोदाम राहिलं मुंबईत!

वैजयंती चहा ठेवायला आत गेली, आणि आत जाऊन रडली. ते बाबीला दिसलं, पण तो उठून मागे गेला नाही. रडू पुरं होऊ दिलं. बघा, शिकला होता!

भिकू गुरव चपला घालताना म्हणाला, “उद्या फूल घेवन ये. तुझो कौल उघडलंय.”

“माका आता काय विचारूचाच नाय, काका.”

“मगे नुसतो येवन बस. माझ्या बाजूक. लोकांका कळांदे, कसा बसूचा ता.” दोन पावलं गेला, परत वळला. “आणि कधी माझोच हात पुढे इलो, तर आजच्यासारखो धर.”

आता गाठ सोडतो. हात जोडून बसणं आणि हातावर हात ठेवून बसणं – फरक कुठे आहे? बसण्यात नाही! बसण्याच्या आधी आहे. नंबर शेपटीसकट वाचला, फाइल तपासली, बॅटरी तपासली, जेवढं आपल्या हातात होतं तेवढं केलं, आणि मग जे हातात नाही त्याला हात लावला नाही – ते हात जोडणं! काहीच न करता ‘बघू, देव काय करतो’ म्हणणं – तो ऐदीपणा. आणि सगळं करूनही शेवटी फुंकर घालणं, तो बाबी. आपल्यातले बहुतेक बाबी!

हसू नका! तुमच्या घरात कोणीतरी काळा पडदा होऊन बसलंय. बोलत नाही, उत्तर देत नाही. मुलगा असेल, सून असेल, दुखण्यातून उठलेला भाऊ असेल. आणि तुम्ही सकाळ-संध्याकाळ बटण दाबताय – ‘काय झालं? बोल ना! अजून नाही का?’ अहो, तो बंद पडलेला नाही! पंखा फिरतोय, ऐका की! आत काहीतरी नव्यानं लिहिलं जातंय. तुम्ही फक्त लाइट जाऊ देऊ नका.

आणि ते मागे – हो, तुम्हीच, चप्पल पायानं चाचपताय ते. आरती अजून व्हायचीय. बसा.