पटका दादांचा

आमच्या भिंतीवरच्या फोटोची गंमत सांगतो. निजामाच्या राज्यात रेणापुरात माझे आजोबा वारले, तर त्यांचा एकही फोटो नव्हता. आजीनं लातूरहून फोटोवाला बोलावला, धाकट्या दिराला आजोबांचा पटका बांधून खुर्चीत बसवलं अन् तोच फोटो भिंतीला लावला. दर पुण्यतिथीला हे चुलत आजोबा स्वतःच्याच फोटोला हार घालायचे. म्हणायचे, "दादा, तुम्ही हाय तसेच, मीच म्हातारा होऊन राहिलो."

परवा जुने फोटो जमवणारे संग्रहालयाचे साहेब आले. "हे कोण?"

आई म्हणाली, "पटका मामंजींचा हाय, तोंड त्यांच्या भावाचं."

"मग खाली नाव कुणाचं लिहू?"

"मामंजींचंच लिवा. ज्याचं तोंड हाय, तो माणूसच जन्मभर 'दादा' म्हणून पाया पडला."