पर्समधला पाचवा प्रवासी

चहा थंड झाला तरी चालेल, आधी हे ऐका! मुलांना सुट्टी लागली आणि आम्ही वेरूळला निघालो. पण अधिक महिन्यात बाळकृष्णाला रोज लोणी-साखर दाखवायचा माझा नेम, त्याला घरी एकटं कसं ठेवू? हे म्हणाले, "देवालाही दे की सुट्टी!" मी मात्र मूर्ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

हैदराबादच्या काचीगुड्याहून गाडी सुटली आणि टीसी आला. "चार लोगां ना?"

आमची सात वर्षांची ओवी टुणकन उठली. "नहीं अंकल, पाच! एक मम्मी के पर्स में है!"

"पर्स में?" त्याला वाटलं, मांजराचं पिल्लूच लपवलंय. "खोलो अम्मा!"

सगळा डबा माना वळवून बघायला लागला. यांनी कपाळावर हात मारला. आता माझ्या देवाला खाली उतरवतात की काय? मी रुमाल सोडला.

टीसीने चष्मा वर करून त्या रांगत्या बाळकृष्णाला नीट न्याहाळलं, आणि हळूच हात जोडून म्हणाला, "अभी तो रेंग रहा अम्मा. इत्ते छोटे बच्चे को टिकट नक्को."